स्वयंपाकघरातला जुना तेलकट चिकटा : घरी केलेलं काय खरंच चालतं?

पानगळ :
परवा वरच्या कपाटाच्या माथ्यावरून एक मोठं पातेलं काढायला स्टुलावर चढले, तोल सावरायला तिथे तळहात टेकला आणि हात उचलताना चर्र असा आवाज आला, इतका चिकटा. बोट ओढलं तर बोटाखाली पिवळट तपकिरी मेणचट थर गोळा झाला आणि त्यात धूळ अशी मुरलेली की नुसतं तेल म्हणावं तर तेल नाही, धूळ म्हणावं तर धूळ नाही. ओटा मी रोज पुसते, शेगडीपण रोज, पण वरचं कुणी बघत नाही ना, तिथे वर्षानुवर्षं साठत गेलंय. एक्झॉस्ट फॅनची पाती, टाइल्समधल्या रेघा, कपाटांच्या मुठी, सगळीकडे तेच.

घरात लहान मूल आहे आणि एकाला दम्याचा त्रास आहे त्यामुळे उग्र वासाचे स्प्रे मला नकोच आहेत. म्हणून एका व्हिडिओत बघून खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून स्प्रेच्या बाटलीत भरलं, झाकण घट्ट लावलं आणि थोड्याच वेळात बाटली टम्म फुगली, झाकण सैल केलं तर फसकन सगळं बाहेर. उरलेलं मारून पाहिलं, अर्धा तास घासलं, फडकं काळं झालं पण चिकटा आहे तिथेच. हात मात्र भरून आले. ज्यांनी स्वतः करून पाहिलंय त्यांनी प्लीज सांगा, नुसतं ऐकलेलं नको.

सुईदोरा :
अगं आधी साधं करून बघ. कडकडीत नाही पण हाताला सोसेल एवढं गरम पाणी, अर्ध्या लिटरला एक चहाचा चमचा भांडी घासायचं लिक्विड, बास. जास्त लिक्विड घातलं म्हणून जास्त निघत नाही, उलट त्याचाच पातळ थर राहतो आणि त्यावर धूळ परत बसते. फडकं बुडवून पिळायचं आणि जागेवर ठेवून द्यायचं पाच दहा मिनिटं. लगेच घासायला घेऊ नकोस. रोजच्या ओट्याला, शेगडीच्या आजूबाजूला एवढंच पुरतं, माझं इतक्या वर्षांत दुसरं काही लागलेलं नाही. कपाटाच्या माथ्याचं मात्र वेगळं प्रकरण आहे, ते नुसत्या साबणाला दाद देत नाही.

झुळूक :
+१ सुईदोरा. गरम पाणी हे अर्धं औषध आहे.

रसायनवेडा :
पानगळ, तुमच्या बाटलीत जे झालं ते समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खाण्याचा सोडा अल्कलीच्या बाजूचा, व्हिनेगर आम्ल. दोघं भेटले की एकमेकांना संपवतात. कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे राहतं ते पाणी आणि सोडियम ॲसिटेट नावाचं एक मीठ, ज्याचा तेलावर काही उपयोग नाही. एक चहाचा चमचा सोडा म्हणजे साधारण ५ ग्रॅम, तो ५ टक्क्यांचं व्हिनेगर जवळपास ७० मिली संपवतो आणि त्यातून दीड लिटरच्या आसपास वायू सुटतो. एवढा वायू बंद बाटलीत कोंडला तर बाटली फुगणारच, काचेची असती तर फुटूही शकली असती. कृपा करून हे मिश्रण परत कधी झाकण लावून ठेवू नका. फेस दिसतो म्हणून काहीतरी जोरात काम चाललंय असं वाटतं, पण फेस ओसरला की हातात राहतं ते खारट पाणी.

आता तुमचा चिकटा. ताजं तेल आणि हे जुनं तेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेलाची वाफ आणि बारीक थेंब वर जाऊन बसतात, मग हवेतला ऑक्सिजन आणि शेगडीची उष्णता मिळून त्या तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जातात, साखळ्या बनतात आणि थर घट्ट होत जातो. तैलरंगात जवसाचं तेल वापरतात ते वाळून कडक होतं ना, अगदी तीच क्रिया. लोखंडी तव्यावर जो काळा गुळगुळीत थर चढतो तोही हाच, तिथे तो आपल्याला हवा असतो, कपाटावर नको असतो. म्हणजे तुम्ही तेल पुसत नाही आहात, अर्धवट वाळलेलं व्हार्निश काढताय. ते घासून निघत नाही, ते मऊ करून उचलावं लागतं.

मऊ करायला अल्कली हवी. खाण्याचा सोडा पाण्यात घातला की पीएच (आम्ल-अल्कलीचं माप, ७ च्या वर जितका जास्त तितकी अल्कली कडक) साधारण ८.३ असतो, म्हणजे सौम्य, त्याचा जास्त उपयोग त्याच्या बारीक कणांनी हलकं घासायला. धुण्याचा सोडा (कपड्यांचा, म्हणजे सोडियम कार्बोनेट) मात्र ११ च्या आसपास जातो. जुन्या तेलात सुटी झालेली मेदाम्लं असतात, त्यांच्याशी हा सोडा मिळाला की जागच्या जागी त्यांचा साबणच बनतो आणि तो साबण बाकीचं तेल उचलायला मदत करतो. माझं मिश्रण असं : अर्धा लिटर गरम पाणी, त्यात सपाट एक चहाचा चमचा धुण्याचा सोडा नीट विरघळवायचा, मग भांड्यांच्या लिक्विडचे पाच सहा थेंब. मारायचं, दहा पंधरा मिनिटं थांबायचं, वाळायला लागलं तर परत थोडं मारायचं, मग पुसायचं आणि शेवटी साध्या पाण्याने दोनदा पुसायचं. हातमोजे घालाच, त्वचा कोरडी पडते, चिरते. दम्याच्या माणसासाठी म्हणाल तर याला वास नाही, पण फवाऱ्याचे तुषार श्वासात जातात, त्यामुळे स्प्रे करण्यापेक्षा फडक्यावर घेऊन लावलेलं बरं.

कवडसा :
रसायनवेडा, माहिती चांगली आहे पण व्हिनेगर अगदीच निकामी हे मला पटत नाही. मी गेली कित्येक वर्षं व्हिनेगर आणि पाणी अर्धं अर्धं करून शेगडीमागच्या काचेवर वापरतोय, काच लख्ख होते. मग हे कसं?

रसायनवेडा :
कवडसा, तुमचा अनुभव बरोबर आहे, निकामी नाहीच ते. काचेवर दिसणारे पांढरट डाग बरेचदा क्षाराच्या पाण्याचे असतात, ते व्हिनेगर छान विरघळवतं. साबणाचा उरलेला पातळ थरही काढतं. तेलाचा हलका ताजा थर पाण्याने आणि फडक्याच्या घासण्याने निघून जातो आणि श्रेय व्हिनेगरला मिळतं. एकदा काचेचा अर्धा भाग नुसत्या गरम साबण पाण्याने आणि अर्धा व्हिनेगरने पुसून बघा, तिरक्या उजेडात बघा. मी आधी सोडा, मग पाणी आणि अगदी शेवटी व्हिनेगरच्या पाण्याचा हात फिरवतो, म्हणजे सोड्याचा पांढुरका डाग राहत नाही. एकामागून एक चालतं, एकत्र नाही.

आणि संगमरवर असेल तर व्हिनेगर, लिंबू काहीच नको. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आम्ल ते खातं आणि चमक जाऊन मंद ठिपका पडतो, तो पुसून जात नाही, परत पॉलिशच करावं लागतं.

कवडसा :
काचेचे दोन भाग करून बघितले. खरंय. वरच्या कडेला जिथे तेल जास्त असतं तिथे व्हिनेगरच्या बाजूला बोट फिरवलं की ओशट लागतंय, साबणाच्या बाजूला नाही. खालच्या बाजूला पाण्याचे ठिपके होते ते मात्र व्हिनेगरनेच गेले. आता दोन्ही ठेवीन.

झुळूक :
मी माझी चूक सांगते म्हणजे दुसऱ्या कुणाची होऊ नये. चिमणीची जाळी, तीच पदर असलेली, रात्री मोठ्या टबात उकळतं पाणी आणि भरपूर धुण्याचा सोडा घालून भिजत टाकली आणि झोपले. सकाळी तेल पूर्ण निघालं होतं, पाणी चहासारखं तपकिरी, पण जाळी काळपट राखाडी झाली होती आणि हाताला काळं लागत होतं. पाण्यात बारीक बुडबुडे येत होते ते मी रात्री पाहिले होते आणि मला वाटलं घाण सुटतेय. ती जाळी ॲल्युमिनियमची होती. ते काळेपण काही केल्या गेलं नाही, शेवटी नवी घ्यावी लागली, फार वाईट वाटलं.

रसायनवेडा :
झुळूक, हे लिहिलंत ते फार बरं केलंत, बहुतेक जाळ्या ॲल्युमिनियमच्याच असतात आणि लोक नेमकं हेच करतात. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा एक पातळ संरक्षक पापुद्रा असतो, कडक अल्कली तो काढून टाकते आणि मग आतला धातू खायला लागते, बुडबुडे दिसले ते हायड्रोजनचे. कॉस्टिक सोड्याने तर फार जोरात होतं, तो घरात वापरूच नका, डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो.

ॲल्युमिनियमच्या जाळीला नुसतं गरम पाणी आणि भांड्यांचं लिक्विड जरा जास्त घालून वीस मिनिटं, मऊ ब्रश, धुवायची, परत एकदा तेच. एका फेरीत न निघालं तर दुसरी फेरी करायची, जोर वाढवायचा नाही. जाळी कशाची आहे ते कळत नसेल तर लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर ॲल्युमिनियम नाही हे नक्की. नाही चिकटला तर ॲल्युमिनियमच समजून चाला, कारण काही स्टीललाही चुंबक चिकटत नाही.

लाकूडकाम :
मी फर्निचरचं काम करतो म्हणून कपाटांबद्दल लिहितो. तुमच्या घरची कपाटं आतून कशाची आहेत ते आधी बघा. वर लॅमिनेट आणि आत भुशाचा बोर्ड असेल तर त्याचा शत्रू तेल नाही, पाणी आहे. स्प्रे मारला की पाणी कडेच्या पट्टीच्या फटीतून आत जातं, बोर्ड फुगतो, आणि एकदा फुगला की परत बसत नाही. मी बघितलेल्या खराब कपाटांपैकी कितीतरी तेलाने नाही तर साफसफाईने खराब झालेली आहेत. फडकं घट्ट पिळून वापरा, दाराच्या खालच्या कडेला पाणी साठू देऊ नका आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसा.

खऱ्या लाकडावर पॉलिश असेल किंवा ऑइल पेंट असेल तर धुण्याचा सोडा लावू नका, तो रंग आणि पॉलिशसुद्धा मऊ करतो, रंग काढायला लोक तोच वापरतात. तिथे साबणाचं कोमट पाणी, नाहीतर साधं खायचं तेल.

पानगळ :
तेल?? तेलाने तेल कसं जाईल? आणि धुण्याचा सोडा मला मिळतच नाहीये, खाण्याचा भरपूर आहे.

सुईदोरा :
जातं गं, मीही हेच सांगणार होते. कागदाच्या रुमालावर थोडं तेल घ्यायचं, चिकट जागेवर गोल गोल चोळायचं, दोन तीन मिनिटांत तो घट्ट थर लोण्यासारखा सुटायला लागतो आणि कागदावर तपकिरी गोळ्या येतात. मग कोरड्या कागदाने सगळं उचलायचं आणि शेवटी साबणाचं फडकं. शेवटचं फडकं विसरलीस तर मात्र नवीन तेलाचा थर देऊन ठेवलास असं होईल, आठ दिवसांत परत तेच. लाकडाच्या मुठींना मी हेच करते, घासावं लागत नाही म्हणून पॉलिशवर चरे पडत नाहीत. तो तेलाचा कागद बेसिनमध्ये धुवू नकोस, कचऱ्यातच टाक, तेल पाइपात थंड होऊन थिजतं आणि मग पाणी तुंबतं.

रसायनवेडा :
काकूंचं अगदी बरोबर. तेलात तेल विरघळतं, पाण्यात नाही. अजून पूर्ण वाळून घट्ट न झालेला जो भाग आहे तो नव्या तेलात मिसळतो आणि थर सैल होतो.

धुण्याचा सोडा घरी करता येतो. खाण्याचा सोडा ओव्हनमध्ये २०० अंशावर साधारण तासभर तापवायचा, पातळ पसरून, मध्ये एकदा हलवून. काचेचा किंवा स्टीलचा ट्रे घ्या, ॲल्युमिनियमचा नको, का ते वर झुळूक यांनी सांगितलंच आहे. तापला की त्यातून पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरतो तो धुण्याचा सोडा. झालं की नाही ते वजनावरून कळतं, १०० ग्रॅमचे साधारण ६३ ग्रॅम उरले की पूर्ण झालं. दिसायलाही फरक पडतो, आधीची बारीक चकाकी जाऊन पांढरा मंद भुगा होतो. गार झाला की घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरा आणि बरणीवर मोठ्या अक्षरात नाव लिहा, कारण स्वयंपाकघरात दोन पांढऱ्या पावडरी शेजारी ठेवणं हे घरात लहान मूल असताना मला फार धोक्याचं वाटतं. वर, कुलपात ठेवा.

ओव्हन नसेल तर खाण्याचा सोडा पाण्यात घालून दहा पंधरा मिनिटं उकळा, मोठ्या पातेल्यात, कारण फेस येतो. त्यातला काही सोडा तसाच बदलतो, म्हणून तर गरम सोड्याचं पाणी थंडपेक्षा चांगलं काम करतं.

ओलीवाट :
मध्येच विचारते, वरून थोडं ब्लीच घातलं तर? टाइल्सच्या रेघा पांढऱ्या व्हायला.

रसायनवेडा :
ओलीवाट, नका घालू. ब्लीच तेल काढत नाही, फक्त रंग उडवतं, म्हणजे रेघ पांढरी दिसेल पण चिकट राहील आणि परत काळी होईल. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा लिंबू पडलं तर क्लोरिन वायू निघतो, अमोनिया पडला तर क्लोरामाइन, दोन्ही श्वासाला घातक, बंद स्वयंपाकघरात तर फारच. त्याच जागी काल ब्लीच लावलं होतं आणि आज व्हिनेगर मारलं असंही करू नका, मध्ये भरपूर पाण्याने धुवा. दम्याचं माणूस घरात असताना मी ब्लीच स्वयंपाकघरात आणणारच नाही.

रेघांना खाण्याच्या सोड्याची पेस्ट, तीन भाग सोडा एक भाग पाणी, जुन्या टूथब्रशने.

सुईदोरा :
टाइल्सचं एक सांगते, पेस्ट उभ्या भिंतीवर ठरत नाही, ओघळते. त्यापेक्षा कागदी रुमाल किंवा जुनं सुती फडकं सोड्याच्या पाण्यात भिजवून भिंतीलाच चिकटवून ठेव, पंधरा मिनिटं. स्वतःच्या ओलाव्याने चिकटून राहतं, आणि सोडा जागेवर राहतो. काढताना त्याच फडक्याने खाली ओढत काढ, अर्धं काम तिथेच होतं. स्विचबोर्डच्या जवळ हे करू नको हं.

कवडसा :
लिंबाची सालं व्हिनेगरमध्ये पंधरा दिवस मुरवून ठेवतात ते कुणी केलंय का? मी केलं, वास छान आला पण चिकट्यावर खास फरक नाही.

रसायनवेडा :
सालीतलं जे तेल आहे, लिमोनिन, ते खरोखर चिकटा विरघळवतं, पण ते पाण्यात विरघळत नाही आणि व्हिनेगर म्हणजे बहुतेक पाणीच. त्यामुळे त्यात उतरतं फार थोडं. त्यापेक्षा ताज्या सालीची बाहेरची बाजू स्टिकरच्या डिंकावर थेट चोळून बघा. पण दम्याच्या घरात सुगंधी तेलं सगळ्यांना सोसतातच असं नाही, पानगळ यांनी वासाच्या भानगडीत पडू नये.

पानगळ :
दोन दिवस लागले, सविस्तर लिहिते.

सोडा ओव्हनमध्ये केला. २०० ग्रॅम ठेवला होता, तासाने वजन केलं तर १३१, म्हणून आणखी वीस मिनिटं ठेवला तेव्हा १२७ आला. हिशेब जुळला तेव्हा फार आनंद झाला, खरंच सांगते.

कपाटाचा माथा लॅमिनेटचा आहे. लाकूडकाम यांनी सांगितलं म्हणून स्प्रे केलाच नाही. फडकी सोड्याच्या गरम पाण्यात बुडवून घट्ट पिळून नुसती पसरली, चार फडकी, वीस मिनिटं. मग जुन्या प्लॅस्टिकच्या कार्डाच्या कडेने ढकललं तर तो थर चक्क सालीसारखा वर आला, लांबच लांब, तपकिरी, ओलसर. तो कागदात गुंडाळून टाकला. आधी अर्धा तास घासून जे निघालं नव्हतं ते दहा मिनिटांत, हाताला ताण न देता. एका कोपऱ्यात सगळ्यात जाड होतं तिथे तीनदा करावं लागलं. शेवटी साध्या पाण्याने दोनदा, मग कोरडं. आता तळहात टेकला तर आवाज येत नाही. वर मोठा कागद अंथरून ठेवलाय, पुढच्या वेळी कागद बदलला की काम होईल.

फॅनची वायर काढून मगच पाती उतरवली. ती प्लॅस्टिकची आहेत, साबणाच्या पाण्याने निघाली, सोडा लागलाच नाही. मुठी लाकडी, त्यांना काकूंचं तेल, आणि शेवटचं साबणाचं फडकं विसरले नाही.

एक चूक झाली. एका दाराच्या आतल्या रंगवलेल्या बाजूला घाईत सोड्याचं फडकं लागलं, तिथला रंग फडक्यावर निळसर उतरला, बोटभर जागा. लगेच पाण्याने पुसलं म्हणून पुढे गेलं नाही. आधी आतल्या कोपऱ्यात एक ठिपका लावून बघायला हवं होतं.

लाकूडकाम :
छान केलंत. रंगाचं वाईट वाटून घेऊ नका, आतली बाजू आहे. कागद अंथरला ते उत्तमच, पण कडेच्या बाहेर येऊ देऊ नका, खाली शेगडी आहे.

झुळूक :
पानगळ, सालीसारखा निघाला हे वाचूनच बरं वाटलं. मीही या रविवारी करणार. शेगडीच्या नॉबचं काय करू? त्यांच्या मागे सगळं साठलंय आणि वरची अक्षरं पुसट व्हायला लागलीत.

सुईदोरा :
शेगडी बंद आणि गार असताना ओढून निघत असतील तरच काढ, जोर लावू नको. सोडा नको, घासणी नको, त्यानेच अक्षरं जातात. साबणाच्या कोमट पाण्यात दहा मिनिटं, मागच्या खाचेत कापसाची काडी फिरव, वरून नुसतं बोटाने चोळ. मग फडक्यावर खाच खाली करून रात्रभर निथळू दे. ओला नॉब परत बसवला तर पाणी आत दांड्यापर्यंत जातं.